काडीचोरांची मोजणी

कळमनुरी
२ जुलै १९३७, शुक्रवार

आजपासून आमच्या घरात तीन पंचांगं. मदरशात, म्हणजे मी गणित शिकवतो त्या सरकारी शाळेत, सरकारी फसली सनाचे महिने. हिच्या देवघरात तिथी. आणि या वहीत इंग्रजी तारीख, कारण मुंबईचं शास्त्रीय त्रैमासिक इंग्रजी तारखेनं चालतं आणि मला त्यात लेख छापून आणायचा आहे. ही म्हणजे द्वारका, आमची सौभाग्यवती. ती म्हणाली, "आधी लेख तर लिहा, मग तारखा घाला." उत्साहावर पाणी कसं ओतावं हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून खरं कारण लिहून ठेवतो. वय चौतीस झालं. आमच्या लग्नपत्रिकेनंतर माझं नाव कुठेही छापून आलेलं नाही. तिथंही 'चि. व्यंकटराव' एवढंच होतं आणि खाली पाहुण्यांची पलटण होती. एकदा तरी माझं नाव माझ्याच कामाखाली छापलेलं बघायचं आहे.

विषय सापडलाय. गावाबाहेर उकंडराव देशमुखांची विहीर आहे. तिच्यावर वाकलेल्या बाभळीला पावसाळ्यात सुगरणींची घरटी लागतात. एक पाखरू शिंदीच्या पानाची काडी आणायला गेलं की शेजारी येतो, त्याच्या घरट्यातली काडी उपसतो आणि आपल्या घरट्यात विणून टाकतो. भरदिवसा! मालक परत आला की हा साळसूद. अशा चोऱ्या किती होतात ते कुणी मोजल्याचं माझ्या वाचनात नाही. दुसऱ्याच्या कष्टावर आपलं घर सजवणाऱ्या या पाखरांचा मी पुराव्यासकट समाचार घेणार आहे.

९ जुलै, शुक्रवार

मदरशाला शुक्रवारची सुट्टी असल्यानं सकाळीच विहिरीवर गेलो. दोन तास मान वर करून बसलो. तीन चोऱ्या दिसल्या, मानेत लचक भरली.

तिथं शकुबाई राहते. उकंडरावांच्या शेतावर राबते, विहिरीलगत तिची खोपी आहे. पावसाळ्यात निंदण-खुरपण, जोंधळा कणसात आला की शेतातल्या मचाणावर, म्हणजे माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकायची. विधवा बाई, एक लेक डोंगरकडा गावी दिलेली.

"मास्तर, काहून बसून राहिले असे? काही हरवलं का हिरीत?"

मी तिला शास्त्र समजावून सांगितलं. ती हसली.

"त्यो खालच्या फांदीवरला हाय ना, शेपटीचं पीस तुटलेला, त्यो चोर हाय. सकाळपासून पाच डाव नेली त्यानं. तुमी यायच्या आधीच."

मी चकित झालो. पाखरं हाकण्यासाठी जिला ठेवलंय, तिच्याइतकी त्यांची ओळख कुणालाच नसणार. मी विचारलं, रोज लक्ष ठेवशील का? ती म्हणाली, लक्ष तर असतंच, नुसतं मोजायचं राहिलंय.

१६ जुलै, शुक्रवार

शकुबाईनं भलतीच युक्ती काढली. लिहिता येत नाही, म्हणून खोपीपुढं तीन गाडगी मांडलीत. पुरं झालेल्या घरट्याला पांढरा खडा, अर्धं सोडून दिलेल्याला खापराचा तुकडा, चोरीला काळा खडा. संध्याकाळी खडे मोजून विहिरीच्या दगडावर कोळशानं रेघा ओढते. मी शुक्रवारी जातो, ती सात दिवसांच्या रेघा वाचून दाखवते, मी लिहून घेतो. या आठवड्यात काळे खडे सदतीस.

निरीक्षण असं झालं पाहिजे. माझी पद्धत आता चांगली बसली आहे.

३० जुलै, शुक्रवार

आज शकुबाईनं एक नवीन गोष्ट सांगितली. घरटं बांधतो तो नर. मादी येते, अर्धवट घरट्यात बसून बघते. पसंत पडलं तर पुढचं बांधकाम, नाहीतर खापराचा तुकडा.

"बांधून राहिला त्यो, अन् नाव सुगरणीचं," ती म्हणाली. "घाम एकाचा, नाव दुसऱ्याचं. पाखरातबी हेच हाय मास्तर."

वाक्य छान आहे. लेखाच्या सुरुवातीला घालीन.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

हीच मोजणी औरंगाबादच्या एका मासिकालाही पाठवावी असा बेत होता. एक हुकलं तर दुसरं. हिला सांगितलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, "एक पोरगी दोन घरी देतात का कुणी?" बेत रद्द.

शकुबाई म्हणाली की पुढच्या शुक्रवारी ती कदाचित नसेल. लेक रुकमाचे दिवस भरत आलेत. "माहेरी आनावं तं कुठं आनू, ह्या गळक्या खोपीत? म्हून मीच जाते." मी बरं म्हटलं. माझं लक्ष शेपटी तुटलेल्या चोरावर होतं.

२० ऑगस्ट, शुक्रवार

गेलो तर खोपीला कवाड लावलेलं, तिन्ही गाडगी रिकामी, दगडावर एक रेघ नाही. चौदा तारखेपासून काहीच नोंद नाही! कोष्टकात अख्खा आठवडा भोकासारखा दिसेल. बाळंतपणं काय बायकांनाच जमतात, पण जाण्याआधी कुणाला सांगून तरी जायचं मोजायला.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

शकुबाई रविवारीच परत आली म्हणे. आठवडा तसाच कोरा गेला तो गेलाच. आल्यापासूनच्या रेघा मात्र बराबर आहेत. आज काही बोलली नाही, नुसत्या रेघा वाचल्या. लिंबाच्या फांदीला झोळी टांगलेली होती आणि आत लेकरू होतं. म्हणजे लेक बाळाला घेऊन माहेरी आलेली दिसते, पण ती कुठं दिसली नाही. शेतात गेली असेल. आजी झाल्याबद्दल गुळाचा खडाही हातावर ठेवला नाही बाईनं! मी गंमतीनं तसं म्हटलंसुद्धा. ती उठून झोळी हलवायला गेली.

रिकाम्या आठवड्याचा उपाय मी घरी बसून काढला. आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांची सरासरी. काळे खडे एकतीस, पांढरे सात, खापरं चार. गणिताचा मास्तर असल्याचा हा फायदा.

१० सप्टेंबर, शुक्रवार

लेख लिहून झाला! 'सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीतील काडीचोरीचे दैनिक निरीक्षण.' पहिलंच वाक्य: 'मी सलग दहा आठवडे प्रतिदिनी निरीक्षण केले.'

आता नावं. लेखावर फक्त माझंच नाव घालणं बरं दिसेल का? ही म्हणाली, "पत्रिकेत एक नाव राहिलं तर माणूस जन्मभर बोलून दाखवतो. माझ्या मावसकाकांचं राहिलं होतं, ते अजून आपल्या घरचं पाणी पीत नाहीत." दोघांनी बसून यादी केली. सर्वांत वर तहसीलदारसाहेब, कारण हाकिमाचं नाव वर नसलेला कागद या तालुक्यात मी पाहिलेला नाही. मग आमचे हेडमास्तर नासेरसाहेब. मग उकंडराव, विहीर आणि बाभूळ त्यांची. मग किसनराव वकील, त्यांनी शब्दकोश दिला. मग सासरे. मग ते मावसकाका, एकदाचं पाणी तरी पितील. अशी अकरा नावं, आणि शेवटी मी.

शकुबाईचं नाव घालायचं ना, हे हिनंच विचारलं. मी म्हटलं, पत्रिकेत आचाऱ्याचं नाव घालतात का? ती गप्प बसली. तिला पटलं असावं.

१५ सप्टेंबर

यादीवरून रणधुमाळी. किसनरावांना उकंडरावांच्या खाली नाव नको. उकंडराव म्हणतात, "वकिलाचा शब्दकोश अन् माझी हिर, दोन्ही एका तागडीत काहून?" शेवटी दोघांची नावं एकाच ओळीत घातली. उद्या कुणी हिंगोलीला जाणार आहे, त्याच्या हाती पाकीट टपालाला देतो.

५ ऑक्टोबर, मंगळवार

मुंबईचं उत्तर आलं! सोबत छापील नियम. संपादकांचं अक्षर देखणं आणि जीभ तिखट दिसते. लिहितात:

'विषय उत्तम आहे. तथापि लेखकांची नामावळी वाचून मुहूर्त कधीचा आहे असे विचारण्याचा मोह झाला. सोबतच्या नियमांनुसार, ज्यांनी काम केले त्यांचे नाव वगळू नये व ज्यांनी केले नाही त्यांचे घालू नये. प्रत्येकाने नेमके काय केले ते लिहून सही करावी. आकड्यांची शहानिशा करण्याचा प्रसंग आल्यास सही करणारा प्रत्येक जण जबाबदार राहील. लेख अन्यत्र पाठवलेला नसावा. छापलेल्या मजकुराचा हक्क त्रैमासिकाकडे राहील. लेखकांस पंचवीस प्रती मिळतील.'

शेवटी एक ओळ: 'आपण शाळेत शिकवता. मग प्रतिदिनी विहिरीवर कसे जात होता, हे कळवावे.'

ही ओळ मी हिला वाचून दाखवली नाही.

७ ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवस सह्या गोळा करत फिरलो. कापणीत कणसंही इतक्या वेगानं पडत नसतील, तशी नावं गळाली.

तहसीलदारसाहेबांनी 'जबाबदार' हा शब्द ऐकला आणि कागद परत सरकवला. "मास्टर, हमने तो वो चिड़िया देखी भी नहीं. नाम काट दो, फ़ौरन."

किसनराव म्हणाले, सही करण्याआधी पुरावा तपासावा लागेल आणि त्यांना सवड नाही. उकंडरावांनी तर मलाच दरडावलं. "माझ्या मळ्यात चोरी झाली असं छापून येनार, अन् खाली माझीच सही? उद्या फौजदार आला तं काय सांगू, चोर उडून गेला?" मावसकाकांनी सही नाकारली, पाणीही नाकारलं.

नासेरसाहेबांनी मात्र चहा पाजला. नियम नीट वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "व्यंकटराव, मेरा नाम तो आप काटिए. एक बात बताइए, गिनती किसने की?"

मी म्हटलं, मी केली. मग म्हटलं, शुक्रवारी. मग म्हटलं, बाकीचे दिवस शकुबाईनं. त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "आचारी नव्हे हो ती. नवरी आहे नवरी. तिलाच पत्रिकेतून वगळलंत तुम्ही." महिनाभर पोटात ठेवलं होतं तर तिनं.

स्वतःचाच राग येतोय. पाखरांना चोर म्हणत होतो.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

शकुबाई माळ्यावर होती, हातात गोफण, पायाशी खडे. खाली झोळी. मी खालूनच सगळं सांगितलं: लेख काय, नाव काय, सही काय. ती उतरून आली.

"नाव नगं मास्तर. एकदा का सरकारी कागदावर नाव चढलं की बेगारीला बोलावत्यात. आमच्या दिराचं असंच झालं."

"हा सरकारी कागद नाही. मुंबईचा आहे. पण खोटं निघालं तर जबाब द्यावा लागेल. त्याच भीतीनं सगळे पळाले, शकुबाई."

"खोटं काहून निघंल? खडे हायेत ना माझे." तिला राग आला होता. "कोन आलं इचाराया तं गाडगी मांडीन पुढ्यात. म्या डोळ्यानं पाहिलंय."

"मग अंगठा द्याल?"

"आधी वाचा काय लिवलं ते."

मी कोष्टक वाचायला लागलो. ती डोळे मिटून ऐकत होती, मान हलवत होती. एका आठवड्यात मी तीस म्हटलं, ती म्हणाली बत्तीस. वहीत बघितलं, बत्तीसच होते. मग चौदा ते एकवीस ऑगस्ट आला. काळे एकतीस, पांढरे सात, खापरं चार.

तिनं डोळे उघडले.

"हे कुनी मोजले?"

मी सरासरीचं सांगितलं. गणितात असं चालतं म्हणालो.

"न्हाई," ती म्हणाली. "त्या आठ दिसात कुनी काईच मोजलं न्हाई. पाखरानं घर बांधलं का मोडलं, मला ठावं न्हाई, तुमाला ठावं न्हाई. ती जागा रिकामी ठेवा. न्हाईतर माझा अंगठा नगं."

एवढ्या एका ओळीसाठी ती इतकी हट्टाला का पेटली ते कळलं नाही. पण ओळ खोडली. तिनं अंगठा दिला. मग विचारलं, "छापल्यावर मोजनी मुंबैवाल्याची व्हनार?"

"छापलेला मजकूर त्यांचा. मोजणी तुमचीच."

"मग ठीक हाय," म्हणाली आणि परत माळ्यावर चढली.

१० ऑक्टोबर

लेख नव्यानं लिहिला. पहिलं वाक्य: 'निरीक्षण व मोजणी शकुबाई यांनी प्रतिदिनी केली. प्रस्तुत लेखक शुक्रवारी जाऊन नोंदी घेत असे.' वर नाव शकुबाईचं, खाली माझं. हिनं विचारलं, वाईट वाटतंय का? मी म्हटलं, थोडं वाटतंय. सुगरणीचं वाक्य अवतरणात, तिच्या नावानिशी. मागच्या लेखातला रिकामा आठवडा मी अंदाजानं भरला होता, हेही संपादकांना कळवून टाकलं. आता लेख परत आला तर आला.

९ नोव्हेंबर, मंगळवार

परत नाही आला! संपादक लिहितात: 'अंदाज कळवलात हे बरे केले. पुष्कळ जण कळवत नाहीत. लेख मार्चच्या अंकात घेत आहे. केवळ एक शंका. चौदा ते एकवीस ऑगस्ट या ओळीत मोजणी का झाली नाही, याचे खरे कारण तळटीपेत द्यावे. कोष्टकातील रिकाम्या जागेचे कारण द्यायचे असा आमचा नियम आहे. कारण खासगी असल्यास संबंधितांची परवानगी घ्यावी.'

नियमही किती काटेकोर! नातवंड झालं, आजी बाळंतपणाला गेली. हे मुंबईला कशाला कळवायचं? तरी शुक्रवारी विचारून येतो.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज काय लिहू कळत नाही.

जोंधळ्याची कापणी सुरू आहे. शकुबाई बांधावर बसून लेकराला दूध पाजत होती. वाटीत बोळा बुडवून, थेंब थेंब. मी हसत हसत विचारलं, "काय, लेक अजून माहेरीच का? कारण लिहून पाठवायचंय, बाळंतपण म्हणून लिहू ना?"

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. इतके दिवस मला ठाऊक नव्हतं, याचंच तिला नवल वाटलं असावं.

"रुकमा गेली ना मास्तर. पंधरा तारखेला. दोन रोज कळा देऊन राहिली होती. पोरगी झाली अन् ती गेली. पोरगी म्हून त्या लोकायनी ठेवली न्हाई. मी घेऊन आले."

मी त्या झोळीपाशी अडीच महिने दर शुक्रवारी उभा राहिलो आहे. गूळ मागितला आहे मी तिला. तिच्या त्या आठ दिवसांत मी घरी बसून 'पांढरे सात' लिहिले, सात घरटी सुखानं पुरी करून टाकली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी तिथंच बांधावर बसलो. "चुकलो, शकुबाई," एवढंच म्हणता आलं.

ती म्हणाली, "तुमी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई."

लेकराचं तोंड पदरानं पुसून म्हणाली, "ते नावाचं. माझ्याऐवजी रुकमाचं घालता का वर? तिचं नाव कुठंच न्हाई ऱ्हायलं. सासरच्यांनी दुसरी आनलीबी."

मला हो म्हणायचं होतं, फार म्हणायचं होतं. पण ज्यानं मोजलं त्याचंच नाव. जे झालं नाही ते लिहायचं नाही, हे तर तिनंच मला माळ्याखाली उभं करून शिकवलं होतं. मी सांगितलं, वर नाही घालता येणार. ती समजल्यासारखी मान हलवून बोळा पिळत राहिली.

मग मला संपादकांची ओळ आठवली. 'खरे कारण तळटीपेत द्यावे.'

"पण खाली घालता येईल," मी म्हटलं. "तुम्ही हो म्हणालात तर. त्या रिकाम्या ओळीचं कारण म्हणून. नियमच आहे तसा."

४ मार्च १९३८, शुक्रवार

पंचवीस प्रती काल आल्या. नासेरसाहेबांनी मदरशात सगळ्यांना दाखवल्या, उकंडराव आता ज्याला त्याला 'आमच्या हिरीवर शोध लागला' सांगत फिरतात. हिनं माझ्या नावावर बोट ठेवून एकदा वाचलं आणि डोळ्याला पदर लावला. सुख झालं. दुसऱ्या क्रमांकाचं, पण आपल्याच कामाखालचं.

आज शकुबाईकडं गेलो. लेकरू आता बसायला लागलंय, गाडग्यातले खडे काढून तोंडात घालतं. मी वरचं नाव वाचून दाखवलं, शकुबाईनं ऐकून घेतलं. मोजणी वाचली, तिनं मान हलवली. मग म्हणाली, "ते खालचं वाचा."

मी वाचलं. 'चौदा ते एकवीस ऑगस्ट या दिवसांत मोजणी झाली नाही. निरीक्षक शकुबाई यांची कन्या रुकमा ही डोंगरकडा येथे प्रसूतीत मरण पावली.'

"परत वाचा."

तीनदा वाचलं. मग तिनं विचारलं, ह्यातलं रुकमा कोनतं? मी दाखवलं. फार बारीक टाईप आहे तळटीपेचा. तिनं त्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं आणि लेकराचा हात धरून त्याचंही बोट तिथं टेकवलं.

"ह्यातलं एक ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी," म्हणाली. "अन् मास्तर, ही मोठी झाली की हिला वाचाया शिकवा. पहिल्यांदा हेच वाचाया लावा."

मी हो म्हटलं आहे. विसरू नये म्हणून इथं लिहून ठेवतो.